पहिल्या रडण्याचा परवाना

आमच्या वॉर्डातला आवाज संपला तेव्हा मी कुकर लावला होता. दोन शिट्ट्या झाल्या. तिसरी आली, वाफ पार छताला लागली, पण आवाज म्हणून काही नाही. मला वाटलं माझेच कान गेले. कानात करंगळी घालून हलवली. पळी कढईवर आपटली, मग रागानं पुन्हा आपटली. काही नाही. बाहेर ओट्यावर आमचे हे पेपर वाचत बसले होते, त्यांना हाक मारली. माझं तोंड हललं आणि ते तसेच बसून राहिले. आता ऐकू आलं तरी ते तसेच बसून राहतात, त्यामुळे त्यावरून काही कळेना. जाऊन खांदा हलवला तेव्हा त्यांनी वर बघितलं, तोंड उघडलं, आणि त्यांच्याही तोंडातून काही आलं नाही.

हे एसटीत कंडक्टर होते. यांनी एकदा "तिकीट" म्हटलं की मागच्या सीटवर घोरणारा माणूस दचकून खिशात हात घालायचा. तोच माणूस माझ्यापुढं नुसतं तोंड उघडझाप करत उभा होता, ते बघून मला आधी हसू आलं. मग भीती वाटली.

आवाज कुठं गेला ते शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या घरामागे, भिंतीला भिंत लागून, मोठी बिल्डिंग चालली होती. सगळा आवाज तिथं होता. पत्रे ठोकलेल्या कंपाउंडच्या आत पाऊल टाकलं की कानठळ्या बसायच्या, पाऊल मागे घेतलं की पुन्हा सामसूम. मी भांडायलाच गेले होते, पदर खोचून. पण काँक्रीट कालवायच्या मिक्सरजवळ उभी राहिले आणि भांडण तोंडातच राहिलं. त्या घरघरीत आमच्या कुकरची तिसरी शिट्टी होती. यांचं सकाळचं खाकरणं होतं, देवळातली घंटा होती, भाजीवालीची "मेथीऽऽ" होती. आणि मधूनमधून एक बाई कुणावर तरी खेकसत होती, "उचला ते पाय, फरशी पुसायचीय मला!" कोण मेली एवढी भांडकुदळ, असं मनात आलं. ऐकता ऐकता कळलं की ती मीच.

साइटवरचा मुकादम हणमंता म्हणून होता, विजापूरकडचा, थंड डोक्याचा गडी. तो म्हणाला, "परवाना आहे आजी. आवाजाचा. नगरपालिकेनं दिलाय."

"म्हणून आमच्या घरातला घ्यायचा?"

"मशीनला आवाज लागतो. तो काय आभाळातून पडतो का? वॉर्डाला आहे तेवढाच आहे. काम संपलं की सोडतील."

"आणि तोवर आम्ही काय करायचं?"

"खुणा करा," तो म्हणाला, आणि खडीच्या ट्रकला मागं घ्यायला गेला.

माणूस कशालाही सरावतो, तसे आम्ही सरावलो. आमचा वॉर्ड ओढ्यावरच्या पुलापर्यंत. पूल ओलांडला की ज्याचा त्याचा आवाज घशात परत यायचा. त्यामुळे ज्याला जे काही बोलायचं ते तो पुलापलीकडे जाऊन बोलायचा. तिथं चहाची गाडी लागली, कुणीतरी बाकडी आणून टाकली. नवराबायको घरातून भांडायला म्हणून निघायचे, हातवारे करत पूल चढायचे, आणि पलीकडं पोचेस्तोवर अर्धं भांडण विसरलेलं असायचं. आमच्या यांना तर बरंच झालं. मी पुलाकडे बोट दाखवलं की ते गुडघ्याकडे बोट दाखवायचे. गुडघे दुखतात म्हणे.

अशात चैताली आली. माझी एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. जावई नोकरीच्या गावी. ती आली आणि पहिल्याच दिवशी पुलापलीकडे मला म्हणाली, "आई, किती शांत झोप लागली गं इथं." मी म्हटलं, झोप बाई, नंतर कुठली झोप मिळायला. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. शांतता आहे, पोरीला विश्रांती मिळतेय, झालं तर.

मग सदोबा गवळ्याची म्हैस व्यायली. रेडकू चांगलं धडधाकट होतं, चारी पाय, कान, सगळं जागच्या जागी. त्यानं तोंड उघडलं. ओरडलं नाही. ओरडलं नाही म्हणून श्वास आत गेला नाही. त्याची जीभ निळी पडत चालली तसं सदोबानं त्याला हातगाडीवर घातलं आणि पुलाकडे पळवलं, मागं म्हैस, मागं आम्ही सगळे. पलीकडं पोचल्यावर म्हशीला आवाज आला, तिनं असा हंबरडा फोडला की चहावाल्याच्या हातून किटली पडली. सदोबाला आवाज आला, तो देवाला शिव्या घालायला लागला. रेडकू मात्र तोंड उघडं ठेवूनच गेलं.

"ज्याचा होता त्याला परत मिळाला," सदोबा गाडीच्या दांडीवर डोकं टेकून म्हणाला. "ह्याला मिळालाच नव्हता कधी."

मी चैतालीकडे बघितलं. ती पोटावर दोन्ही हात ठेवून उभी होती, आणि रेडकाच्या तोंडाकडे बघत होती. त्या रात्री मी देवापुढं बसले तर आरतीसुद्धा तोंडातल्या तोंडात. आपलं गाऱ्हाणं देवाला तरी ऐकू जातंय का, ह्याचीच मला शंका यायला लागली.

दुसऱ्या दिवशी चैतालीला घेऊन नगरपालिकेत गेले. तिला कशाला दमवतेस, असं हे खुणेनं म्हणाले, पण अर्जदार समक्ष लागतो असं सगळ्यांनी सांगितलं होतं. आणि अर्जदार तिच्या पोटात होता.

नगरपालिका पुलापलीकडे आहे, म्हणजे तिथं बोलता येतं. ध्वनी विभाग वरच्या मजल्यावर. लांबलचक खोली, एका टोकाला दार आणि दुसऱ्या टोकाला एकच टेबल. टेबलामागे वाघचौरे नावाचे क्लार्क, दोन्ही कानांत कापसाचे बोळे. त्या खोलीची एक रीत होती, ती मला आत गेल्यावर कळली. जितकं मोठ्यानं बोलावं तितकं टेबल लांब जायचं. आमच्या पुढं लेकीच्या लग्नाच्या बँडचा परवाना मागणारा एक बाप होता. तो इतकं हळू कुजबुजत होता की टेबल त्याच्या पोटाला येऊन टेकलं होतं. त्याला बँड मिळाला.

"बोला, ताई," वाघचौरे लांबून म्हणाले.

"माझी मुलगी बाळंत व्हायचीय. बाळाच्या पहिल्या रडण्याचा परवाना पाहिजे."

"किती वेळ रडणार?"

"अहो, किती वेळ ते मी काय सांगू? बाळ आहे ते, भोंगा नाही!"

टेबल सरकन मागं गेलं. वाघचौरे सुपारीएवढे दिसायला लागले. मधली फरशी वाढली होती, नवी, पॉलिश केलेली. आम्ही चालायला लागलो. चैतालीला दिवस भरलेले, तिची पावलं फताडी पडत होती, एका हातानं कंबर धरलेली.

"आई, जरा हळू बोल ना गं," ती म्हणाली. "मला नाही चालवत."

मी जन्मात हळू बोललेली नाही. यांच्या आवाजावर मात करून संसार केलाय मी. पण पोरीच्या ओठावरचा घाम बघितला आणि आवाज गिळला. टेबलाशी पोचलो तेव्हा मी देवघरात बोलावं तशी बोलत होते.

"आम्ही तिला दुसऱ्या गावी नेतो मग. तिथं होऊ दे बाळंतीण."

"कुठंही न्या," वाघचौरे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, घाई नव्हती. "पहिलं बाळंतपण माहेरचं. रडणं माहेरच्या वॉर्डाच्या खात्याला पडतं. दुसऱ्या खेपेला सासरच्या वॉर्डाकडे मागा."

चिडावं तर ते म्हणत होते ते आमच्याच रीतीला धरून होतं. पहिली खेप माहेरी, मीही चैतालीच्या वेळी माहेरीच गेले होते.

"वॉर्डात शिल्लक आवाज नाही," ते पुढं म्हणाले. "पण कार्यक्रमासाठी थोडा राखीव ठेवतो आपण. कार्यक्रमात बसतंय का बघू. मांडव घातलाय?"

"मांडव?"

"कार्यक्रमाला मांडव लागतो. निमंत्रणपत्रिका लागते. तारीख, वेळ, पोलिसांचा दाखला."

"मूल व्हायच्या आधी कुणी मांडव घालतं का हो? आम्ही अजून एक झबलं शिवलेलं नाही, पाळणा माळ्यावरनं काढलेला नाही. असं काही आधी करत नाहीत. आणि वेळ काय पत्रिकेत छापायची? तिला कळ कधी येणार ते—"

"आई," चैताली म्हणाली, कारण टेबल हलायला लागलं होतं. मी दोन्ही हातांनी त्याची कड धरली आणि तोंड मिटून घेतलं. टेबल थांबलं.

"कार्यक्रमात बसत नाही मग," वाघचौरे म्हणाले. "राहिलं बांधकाम."

इथं माझं डोकं चाललं. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं, हे सांगितलंच पाहिजे. आमच्या गावात लहान मुलालाही ठाऊक आहे की नगरपालिकेत काही चटकन मंजूर होत असेल तर ते बांधकाम. बाकी सगळ्याला चकरा. आजारपणाच्या, पाण्याच्या, दिव्याच्या कामाला लोक बांधकामाचं नाव देतात, आणि कामं होतात. शीर्षक काय का असेना, काम झाल्याशी मतलब.

"मग घाला बांधकामात," मी अगदी गोड आवाजात म्हटलं. "नऊ महिने पोरीच्या पोटात दुसरं काय चाललंय? हाडं, मांस, सगळं बांधकामच की."

वाघचौऱ्यांनी मान हलवली. त्यांना पटलं. "जागा?"

"आमच्या घरामागे बिल्डिंग चाललीय, तिथलाच पत्ता टाका. दवाखानाही तिला लागूनच आहे आमच्या डॉक्टरीणबाईंचा. सगळं एकाच जागी."

"तिथला परवाना चालूच आहे. त्यातच जोडून देतो, म्हणजे वरती साहेबांच्या सहीला पाठवायला नको."

"द्या जोडून," मी म्हटलं. "देव तुमचं भलं करो."

त्यांनी खणातून गोल शिक्का काढला, जांभळ्या शाईत दाबला, टेबलावरून वाकले आणि चैतालीच्या पोटावर उठवला. साडीवर काही उमटलं नाही. शिक्का आत गेला. चैतालीनं "आई गं" म्हणून माझा दंड धरला.

"लाथ मारली," ती म्हणाली. "शिक्क्यावरच मारली."

"मारणारच," मी म्हटलं. "आजीवर गेलंय."

पुलापलीकडेच हे वाट बघत उभे होते, गुडघे विसरून. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डोकं खाजवलं.

"बांधकामात कशाला घातलंस, सिंधू?"

"तुम्हाला काय करायचंय? मिळालं ना? तुम्ही गेला असतात तर तिथं 'बघतो, करतो' ऐकून चहा पिऊन परत आला असतात."

"तसं नाही, पण बांधकामात..."

"चला घरी," मी म्हटलं, आणि पूल ओलांडला. त्यामुळे त्यांचं पुढचं वाक्य मला ऐकू आलं नाही.

चैतालीला कळा सुरू झाल्या त्या दिवशी मागच्या बिल्डिंगचा स्लॅब होता. स्लॅबच्या दिवशी शेजाऱ्यांना पेढे वाटतात. सकाळीच हणमंता खोका घेऊन दाराशी आला, मी पेढा घेतला, त्यानं चैतालीकडे बघून दोन्ही हात जोडले. म्हटलं, चांगला शकुन आहे. उन्हं तापायच्या आत आम्ही तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉ. सबनीस बाईंचा दवाखाना आमच्या घराला चिकटून, आणि त्याचीही मागची भिंत साइटला लागलेली. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी थेट कंपाउंडवर उघडते. खिडकीतून डोकं बाहेर काढलं की ते साइटच्या हद्दीत जायचं आणि तिथलं सगळं ऐकू यायचं. आत घेतलं की काही नाही. हे मला कळलं ते मी बाहेर थुंकायला वाकले तेव्हा.

खोलीत चैताली ओरडत होती. तिचं तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळ्यांतून पाणी, आणि खोली गप्प. सबनीस बाई ओठांनी 'जोर लाव' म्हणत होत्या. मी तिचे केस मागं सारत होते. मग राहवेना म्हणून खिडकीशी गेले आणि डोकं बाहेर काढलं. माझी लेक मिक्सरमध्ये ओरडत होती. "आईऽ, नको गं, आईऽ" म्हणत होती, आणि खडी, वाळू, पाणी, सिमेंट तिच्यावर पडत होतं, आणि ती गरागरा फिरत होती. मी डोकं आत घेतलं. चैताली माझ्याकडे बघत होती, तोंड तसंच उघडं. मी परत डोकं बाहेर काढलं. काय करू? आत तिचा चेहरा होता आणि बाहेर तिचा आवाज, आणि मी एकटी. कुठं थांबायचं मला कळेना. शेवटी तिचा हात धरला आणि आतच राहिले.

दुपारी मुलगी झाली. सबनीस बाईंनी उचलून दाखवली. काळेभोर केस, मुठी आवळलेल्या, पाठीवर जांभळा गोल शिक्का, त्यात सुवाच्य अक्षरात 'बांधकाम'. तिनं तोंड उघडलं. चांगलं मोठं उघडलं, पार टाळू दिसली. छाती हलली नाही.

बाईंनी पाठ चोळली. तळव्यांवर टिचक्या मारल्या. नळी घालून घसा साफ केला. बाळ तोंड उघडं ठेवून आमच्याकडे बघत होतं, कुणीतरी काहीतरी द्यायचं राहिलंय अशा नजरेनं. मग बाईंनी छोटा मास्क तिच्या तोंडावर बसवला आणि त्याला लावलेला रबरी फुगा दाबायला लागल्या. दाबायचा, सोडायचा. फुगा दाबला की छाती वर यायची, सोडला की खाली. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. किती वेळ असं करता येईल ते त्यांनाही माहीत नव्हतं, एवढं त्या मानेवरून कळलं.

मी खिडकीबाहेर डोकं काढलं.

बाळ रडत होतं. काय खणखणीत रडणं! ट्यँहा ट्यँहा, नव्या नाण्यासारखं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं आनंदानं. मंजूर झालं, मी मनात म्हटलं, मिळालं माझ्या नातीला. मग कळलं की रडणं खालून येतंय, मिक्सरच्या तोंडातून. मिक्सर कलला, काँक्रीट बायकांच्या घमेल्यांत पडलं, आणि रडणं त्याच्याबरोबर एका घमेल्यात पडलं.

मी धावत सुटले. चैताली उठायला बघत होती, तिला बाईंनी एका हातानं दाबून धरलं, दुसरा हात फुग्यावर. पायरीवर बसलेले हे काय झालं म्हणून हात हलवत माझ्यामागं आले. मी सांगणार तरी कशी?

कंपाउंडच्या आत पाऊल टाकलं आणि सगळा वॉर्ड माझ्या कानावर आदळला. शिडीच्या खालपासून वरपर्यंत बायकांची रांग उभी होती, घमेलं या डोक्यावरून त्या डोक्यावर चढत होतं. ज्या बाईच्या डोक्यावर रडणं यायचं तिच्या पोलक्यावर दुधाचे दोन ओले डाग उमटायचे. ती क्षणभर डोळे मिटायची आणि घमेलं पुढं द्यायची. तरण्या बायका, म्हाताऱ्या बायका, सगळ्यांचं तेच. मी खालून डाग बघत त्याच्यामागं शिडी चढत होते.

"अगं दे ते इकडं! माझ्या नातीचं आहे!"

"हात सोडला तर मागची पडंल, मावशी," ती बाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात थांबत नव्हते.

मागून हे ओरडले, "थांबाऽऽ!" कंडक्टर होते त्या वेळचा आवाज. धावती गाडी थांबेल असा. रांग थांबली, घमेली डोक्यांवर थांबली. मिक्सर तेवढा फिरत राहिला. मला वाटलं, आता मिळालं. मग वरून हणमंता शांतपणे म्हणाला, "चालू द्या," आणि रांग पुन्हा हलली. माझ्या डोळ्यांदेखत शेवटच्या बाईनं घमेलं उपडं केलं.

मी वर पोचले. लोखंडी सळयांची जाळी, तिच्यावर ओलं काँक्रीट, त्यावर गवंडी लाकडी रंधा फिरवत होते. मधोमध कुठंतरी बाळ रडत होतं. आवाज जरा दबला होता, गोधडी अंगावर घेतल्यासारखा.

"हणमंता, थांबव हे. माझ्या नातीचं रडणं पडलंय त्यात. पोरगी तिकडं श्वास घेत नाही."

"ऐकू येतंय मला आजी," तो म्हणाला. त्याचा चेहरा खरंच उतरला होता. "पण स्लॅब अर्धा सोडता येत नाही. तिथं जोड राहतो. जन्मभर गळतो मग."

"गळू दे! तुझ्या बापाचं काय जातं?"

"परवान्यात आहे ते. बांधकामात जोडलंय. मी बाहेर कसं काढू?"

"तो परवाना मीच काढलाय!"

"मग तुम्हाला माहीतच आहे," हणमंता म्हणाला.

मी त्याला मारलं असतं, पण वेळ नव्हता. सळयांवरून चालत गेले, पाय जाळीत अडकत होते, साडी चिखलात. जिथं रडणं सगळ्यांत मोठं येत होतं तिथं गुडघ्यांवर बसले आणि सळयांच्या चौकोनातून दोन्ही हात मनगटांच्या वरपर्यंत आत घातले. काँक्रीट गरम होतं. खडी बोटांना कापत होती. मी चाचपत राहिले, इकडं तिकडं, पीठ मळताना पडलेली अंगठी शोधावी तशी. आणि लागलं. लहानसं, मऊ, खडीहून वेगळं. थरथरत होतं. मी ते ओंजळीत धरलं आणि ओढलं, तसं ते किंचाळलं.

"ओढू नका," मागचा गवंडी म्हणाला. "तुटंल. अर्धं वर येईल, अर्धं आत राहील."

"मग काय करू?"

माझ्या डाव्या बाजूनं तो रंधा फिरवत आला, माझ्या हातांपाशी थांबला, हातांना वळसा घालून पुढं गेला. ऊन रणरणत होतं. वरची साय घट्ट व्हायला लागली होती, बाजूला बोट लावलं तर ठसा उमटत नव्हता. ह्यांनी मागून माझे खांदे धरले होते आणि ते लहान मुलासारखे रडत होते, मोठ्यानं.

"आजी, हात काढा आता," हणमंता म्हणाला. "नाहीतर आतच राहतील."

"काढते," मी म्हटलं.

स्लॅबवरून दवाखान्याची खिडकी दिसते. चैताली खिडकीशी येऊन उभी राहिली होती, चौकटीला दोन्ही हातांनी धरून, आणि तिच्यामागं सबनीस बाईंचा हात फुगा दाबत होता, सोडत होता. लेक माझ्याकडे बघून काहीतरी विचारत होती. मी मान डोलावली, धरलंय म्हणून. माझ्या मनगटांभोवती सिमेंट आवळत चाललं होतं, आणि आत त्या रडण्यानं माझी करंगळी मुठीत घट्ट धरून ठेवली होती.